संगणकाची डागडुजी : वेळीच आणि विश्वासू हातून

दिनांक २७ जून २०१७ रोजी सुरू झालेल्या संगणकीय हल्ल्यात न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनलचे कामकाज ठप्प झाले. क्रेन शाबूत होत्या, कामगार हजर होते. निकामी झाले होते ते संगणक. सुरत-सचिन पट्ट्यातील कारखान्यांचा मालही याच बंदरातून परदेशी जातो, हे ध्यानी घेतले म्हणजे या घटनेचे गांभीर्य कळून येते.

‘नॉटपेट्या’ नावाचा हा उपद्रव ज्या छिद्रातून यंत्रायंत्रांत पसरला, त्यावरील दुरुस्ती मायक्रोसॉफ्ट कंपनीने १४ मार्च २०१७ रोजीच, म्हणजे तीन महिन्यांहून अधिक काळ आधी, प्रसिद्ध केली होती. ती सर्वत्र बसविली गेली नव्हती. मात्र एवढ्यावरच दोष टाकून भागणार नाही. एका यंत्रातील परवलीचे शब्द चोरून हा उपद्रव दुरुस्त केलेल्या यंत्रांतही शिरत असे. आणि मौज अशी, की त्याचा मूळ शिरकाव युक्रेनमधील एका हिशेबाच्या आज्ञावलीच्या अद्ययावतीकरणातूनच झाला होता!

मग अद्ययावतीकरण करावे की नाही? करावेच, परंतु ते कोठून येते हे पाहावे. लिनक्स प्रणालीत, उदाहरणार्थ सी-डॅकने विकसित केलेल्या ‘बॉस’मध्ये, आज्ञावली अधिकृत भांडारातून येतात आणि त्यांवरील अंकीय स्वाक्षरी संगणक स्वतः पडताळून पाहतो. येथे नवशिक्यांची एक चूक हमखास होते. ‘ॲप्ट अपडेट’ ही आज्ञा केवळ भांडारातील यादी ताजी करते. नव्या आवृत्त्या बसतात त्या ‘ॲप्ट अपग्रेड’ने. पहिली आज्ञा देऊन काम झाले असे समजणारा संगणक जुनाच ठेवतो. विंडोजमध्ये हे काम बहुतांशी आपोआप होते. तथापि ‘विंडोज १०’चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला असल्याने शाळा व ग्रामपंचायतींनी आपल्या यंत्रावरील आवृत्ती तपासून घ्यावी.

दुरुस्ती बसविण्यापूर्वी दाखले, हजेरीपट व हिशेब यांची प्रत वेगळ्या डिस्कवर घ्यावी आणि ती डिस्क संगणकापासून काढून ठेवावी. जोडलेली राहिल्यास तीही हल्ल्यात सापडते. बसविणे पूर्ण झाल्यावर यंत्र पुन्हा सुरू करावे. अनेक दुरुस्त्या त्यानंतरच लागू होतात.