सामूहिक प्रदर्शन : आधी ठरवण्याच्या गोष्टी



कलामहाविद्यालयातील विद्यार्थ्यांचे सामूहिक प्रदर्शन दोन प्रकारचे असते. एका प्रकारात प्रत्येकाची स्वतंत्र कामे एकाच दालनात शेजारी शेजारी लागतात. दुसऱ्यात विषय, जागा, खर्च, मांडणी आणि काही वेळा प्रत्यक्ष कलाकृतीही सगळ्यांनी मिळून सिद्ध केलेली असते. पहिल्याला वेळापत्रक पुरते, दुसऱ्याला करार लागतो. कोणता निर्णय कोणी घ्यायचा हे ठरलेले नसले, की चांगली चित्रे काढणाऱ्या गटातही तंटे होतात.

एकत्र येण्यासाठी सगळ्यांची शैली सारखी असावी लागत नाही. १९४७ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपमध्ये सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे आणि बाकरे हे सहा जण होते. सूझा यांना जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून काढून टाकलेले, आरा स्वतःच शिकलेले, हुसेन सिनेमाची होर्डिंग रंगवून पोट भरलेले, तर बाकरे शिल्पकार. त्यांच्या हातांत साम्य नव्हते. अकादमिक चित्रण आणि पुनरुज्जीवनवादी वळण ही दोन्ही नाकारायची, एवढ्यावर मात्र त्यांचे एकमत होते. १९४९ मध्ये रॅम्पार्ट रोवरील बॉम्बे आर्ट सोसायटीच्या दालनात त्यांचे प्रदर्शन झाले आणि मुल्कराज आनंद यांनी त्याचे उद्घाटन केले. पुढे काही सदस्य परदेशी गेले आणि १९५६ मध्ये गट विसर्जित झाला.

‘ग्रुप १८९०’चे आयुष्य याहूनही थोडे. भावनगरमधील एका घराचा क्रमांक नाव म्हणून घेणाऱ्या या गटात जे. स्वामिनाथन यांच्यासह बारा कलावंत होते आणि अकोल्याचे अंबादास त्यांपैकी एक. १९६३ मध्ये दिल्लीच्या रवींद्र भवनात त्यांचे एकच प्रदर्शन झाले, तरी आधुनिक भारतीय कलेच्या इतिहासात त्याची नोंद घ्यावीच लागते. गट टिकला नाही म्हणून प्रदर्शन वाया जात नाही. ते भरवण्यामागे ठाम कारण मात्र हवे.

विद्यार्थ्यांनी स्वतः उभारलेल्या प्रदर्शनाचे ठळक उदाहरण लंडनचे. १९८८ मध्ये गोल्डस्मिथ्स कॉलेजच्या सोळा तरुणांनी गोदी भागातील एका रिकाम्या इमारतीत ‘फ्रीझ’ हे प्रदर्शन भरवले. पुढाकार घेणारा डेमियन हर्स्ट तेव्हा विद्यार्थीच होता. जागा साफ करणे, प्रायोजक मिळवणे, नीटस कॅटलॉग छापणे आणि संग्रहालयांतील जाणत्यांना तिथवर आणणे ही कामे कलेइतक्याच गांभीर्याने झाली. या प्रदर्शनाचा गाजावाजा झाला त्यात या तयारीचा वाटा मोठा आहे.

तयारीची सुरुवात विषयापासून होते. ‘निसर्ग’ किंवा ‘मी आणि समाज’ असा सैल विषय कोणत्याही चित्राला सामावून घेतो आणि म्हणून कोणत्याच चित्राला उपयोगी पडत नाही. विषय एका परिच्छेदात लिहून काढावा. निवड करताना सर्वांची समान संख्येने कामे लावणे सोपे वाटते, पण त्यात भिंती भरतात आणि प्रदर्शन विस्कळीत होते. अंतिम निवड गटाबाहेरच्या एखाद्या शिक्षकाकडे किंवा ज्येष्ठ कलावंताकडे सोपवणे आणि त्यांचा निर्णय मानण्याचे आधीच कबूल करणे श्रेयस्कर.

जहांगीर आर्ट गॅलरी १९५२ मध्ये सुरू झाल्यापासून मुंबईत प्रत्येक विद्यार्थ्याचे लक्ष काळा घोडा भागातील त्या दालनाकडे असते. अशा दालनांसाठी बराच आधी अर्ज करावा लागतो आणि भाडेही असते. महाविद्यालयाचे सभागृह, वाचनालय किंवा एखादा जुना वाडा पहिल्या प्रदर्शनाला कमीपणा आणत नाही. जागा कोणतीही असो, भिंतींची मापे घेऊन प्रमाणबद्ध आराखडा काढावा आणि त्यावर चित्रांचे कागदी तुकडे सरकवून क्रम पाहावा.

खर्चात भाडे, फ्रेमिंग, छपाई, टेम्पो आणि उद्घाटनाचे चहापान येते. वर्गणी समान असली तरी ओझे समान नसते. दगडी शिल्प हलवायला चार माणसे लागतात, मुद्राचित्रे एका फोल्डरमध्ये मावतात. हा फरक कोणी सोसायचा ते आधी ठरवावे. पैसे एकाच्या हाती आणि हिशेबाची वही सर्वांना खुली, ही पद्धत चांगली.

संयुक्त कलाकृतीबाबत कायदा माहीत असावा. १९५७ च्या भारतीय कॉपीराइट कायद्यानुसार एकाचा वाटा दुसऱ्यापासून वेगळा काढता येत नसेल, तर ती संयुक्त निर्मिती ठरते आणि तिच्या हक्काची साठ वर्षे शेवटच्या सहकलावंताच्या मृत्यूनंतर मोजली जातात. चित्र विकले म्हणजे त्याचा कॉपीराइट आपोआप जात नाही, त्यासाठी लेखी करार लागतो. मोबदला घेऊन मागणीनुसार केलेल्या चित्राचा नियम वेगळा आहे. म्हणून नावांचा क्रम, विक्रीतील वाटे आणि न विकलेले काम कोणाकडे राहणार, हे काम सुरू होण्यापूर्वी लिहून ठेवावे.

मांडणी दोघा-तिघांकडेच असावी. सगळ्यांनी हातोडी घेतली तर कोणतेच चित्र रेषेत येत नाही. चित्रांचा मध्य जमिनीपासून सुमारे १५० सेंटिमीटरवर ठेवला, तर उभ्या प्रेक्षकाची नजर त्यावर सहज पडते. दिव्याचा झोत भिंतीशी साधारण ३० अंशांचा असला की चकाकी कमी होते. काचेमागच्या मुद्राचित्रांसाठी हे विशेष पाहावे. शिल्पाभोवती फिरायला वाट हवी. लेबलवर कलावंताचे नाव, शीर्षक, माध्यम, आकार आणि वर्ष एवढेच असावे. भाष्य करायचे तर ते कॅटलॉगमध्ये.

प्रदर्शन चालू असताना दालनात आळीपाळीने दोघे जण हजर असावेत आणि त्यांना प्रत्येकाच्या कामाबद्दल दोन वाक्ये बोलता यावीत. स्वतःच्याच चित्राजवळ उभा राहणारा विद्यार्थी गटाचे काम करत नसतो. शेवटच्या दिवशी चित्रे उतरवणे, भिंतींची भोके बुजवणे, सर्व कामांची छायाचित्रे आणि हिशेब जपणे ही कामेही प्रदर्शनाचाच भाग आहेत.

वरील सर्व मुद्दे एका कागदावर उतरवून, दालनाची अनामत भरण्यापूर्वी, प्रत्येकाने त्यावर सही करावी. ज्या गटाला त्या कागदावर एकमत करता येत नाही, त्याने त्या वर्षी प्रदर्शनाचा विचार सोडून आपापल्या चित्रांकडे वळावे.