बायोलॉजी घ्या, पण गणित सोडू नका

बारावीच्या मुलाने किंवा मुलीने 'मला नीट द्यायची नाही, वन्यजीवांवर काम करायचंय' असं सांगितलं की घरात प्रश्न येतो, जंगलात हिंडून पोट भरणार का? प्रश्न रास्त आहे. पण त्याआधी हे काम नेमकं काय असतं ते पाहू.

अहिल्यानगर जिल्ह्यातलं अकोले घ्या. वन्यजीव संशोधक डॉ. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी बिबट्यांचा अभ्यास केला तो भाग अभयारण्य नव्हता. उसाचे फड, वस्त्या आणि चौरस किलोमीटरला 300 हून जास्त माणसं. अशा कामात वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर कॅमेरे बांधतात. बिबट्याच्या डाव्या कुशीवरचे ठिपके उजव्या कुशीसारखे नसतात, त्यामुळे एकच बाजू टिपली तर एक जनावर दोनदा मोजलं जाण्याची भीती. कोणता बिबट्या पुन्हा पुन्हा दिसला आणि कोणता एकदाच, यावरून कधीच न दिसलेल्यांचा अंदाज संख्याशास्त्राने बांधायचा. अकोल्यात 100 चौरस किलोमीटरमागे सुमारे 5 प्रौढ बिबटे निघाले. विष्ठेत सापडलेले केस तपासले, तेव्हा त्यांच्या आहारात सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचा आढळला. म्हणजे हे बिबटे वाट चुकून आलेले नव्हते, ते तिथलेच रहिवासी होते. जुन्नरकडचा अनुभवही बोलका आहे. पकडलेले बिबटे दुसरीकडे नेऊन सोडल्यावर, सोडलेल्या जागांच्या आसपास माणसांवरचे हल्ले वाढले होते. पिंजरा लावायचा की नाही, हा निर्णय अशा अभ्यासाच्या आधारावर व्हायला हवा.

म्हणूनच माझं ठाम मत आहे की अकरावीत शक्य असेल तर बायोलॉजीबरोबर गणितही ठेवा. ते जमलं नसेल तर बीएस्सीला संख्याशास्त्र घ्या आणि 'आर' ही संगणकभाषा शिका. ती मोफत मिळते. प्राण्यांचं प्रेम या क्षेत्रात सगळेच घेऊन येतात; आकडे हाताळणारे कमी पडतात.

पदवीनंतरच्या वाटा स्पष्ट आहेत. डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था आणि बेंगळुरूचं राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र (एनसीबीएस) इथली वन्यजीव विषयातली एमएस्सी देशभर नावाजलेली आहे. जागा मोजक्या असतात आणि चुरस मोठी. एनसीबीएसला तर इतर शाखांचे पदवीधरही अर्ज करू शकतात. पुण्यात आबासाहेब गरवारे महाविद्यालयात जैवविविधतेची एमएस्सी आहे. 'गेट' या प्रवेशपरीक्षेतही परिसंस्थाशास्त्र आणि उत्क्रांतीचा स्वतंत्र पेपर असतो.

आता पैशांचं. इथे पालकांना गोड बोलून फसवू नये. पीएचडीपर्यंत जायचं तर स्थिर नोकरीला तिशी उजाडू शकते. मधल्या काळात मूल अगदीच घरच्यांवर अवलंबून नसतं. नेट-जेआरएफ ही संशोधन शिष्यवृत्ती मिळाली तर महिना 37,000 रुपये आणि नियमाप्रमाणे घरभाडं मिळतं. सुरुवातीच्या प्रकल्प-नोकऱ्या मात्र कंत्राटी, वर्षा-दोन वर्षांच्या असतात, हे आधीच समजून घ्यावं.

ज्या घराला लवकर स्थैर्य हवं, त्यांनी वनखात्याकडे पाहावं. यूपीएससीची भारतीय वनसेवा प्राणिशास्त्र, वनस्पतिशास्त्र, संख्याशास्त्राच्या पदवीधरांना खुली आहे, तर एमपीएससीतून सहायक वनसंरक्षक आणि वनक्षेत्रपाल होता येतं. धरणं, रस्ते, खाणींच्या पर्यावरणीय परिणामांचे अहवाल करणाऱ्या सल्लागार कंपन्यांनाही जीवशास्त्रज्ञ लागतात. तिथे खरं ते लिहिण्याची हिंमत असलेली माणसं हवीत, असं मला कळकळीने वाटतं.

पालकांना एकच विनंती आहे. महागडा कॅमेरा किंवा सफारी नको, आधी मुलाच्या हाती वही द्या. वर्षभर घराजवळच्या एकाच तळ्यावर किंवा टेकडीवर दर रविवारी ठरावीक वेळी पक्षी मोजून 'ईबर्ड' या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर नोंदवायला सांगा. पक्षी न दिसल्याच्या दिवशीही तो त्याच मनाने नोंद करत असेल, तर त्याला खुशाल या वाटेने जाऊ द्या.