पहिल्या पुस्तकाची किल्ली

मुलांनो, पनवेलच्या एखाद्या वाचनालयात चिमणराव आणि गुंड्याभाऊ यांच्या गोष्टींची पुस्तके तुम्हांला ओळीने मांडलेली दिसली, तर आधी कोणते उचलाल? हाती येईल ते घ्यावे, असा मोह होईल. तो आवरा आणि १९३२ साली निघालेल्या 'एरंडाचे गुऱ्हाळ' या पुस्तकापासून प्रारंभ करा.

त्याच्या नावाकडेच पाहा. उसाच्या गुऱ्हाळात गोड रस मिळतो. एरंडाच्या गुऱ्हाळात काय मिळणार? निरर्थक बडबडीलाच आपण असे म्हणतो. पुढच्या वर्षीचे 'चिमणरावाचे चऱ्हाट' आणि नंतरचा 'वायफळाचा मळा' ही नावेही त्याच जातीची. लेखक चिंतामण विनायक जोशी (१८९२–१९६३) यांनी बडोद्यास पाली भाषेचे अध्यापन केले. एवढ्या विद्वान पुरुषाने आपल्या ग्रंथांची थट्टा आपणच करून ठेवली!

चिमणरावही तसेच. ते भित्रे आहेत. पण आपली फजिती आपल्याच तोंडाने सांगतात. धिप्पाड गुंड्याभाऊ मदतीस धावतो आणि घोटाळा अधिकच वाढवतो. ही ओळख आरंभीच झाली, म्हणजे पुढे त्याने नुसता सोटा उचलला, तरी आपल्याला हसू फुटते. मधलेच पुस्तक उघडणाऱ्यास गोष्ट कळते. परंतु हे आधीचे हसू त्याच्या वाट्याला येत नाही.

दुसऱ्याच्या फजितीला कोणीही हसतो. स्वतःला हसण्यास मात्र मन मोठे लागते. या साऱ्या पुस्तकांची किल्ली हीच आहे, आणि ती पहिल्या पुस्तकाच्या नावातच ठेवलेली आहे.