चाळीस ओहमचा बल्ब शंभर वॅटचा कसा?

प्रश्न : मुलीच्या नववीच्या पुस्तकात ओहमचा नियम आला, म्हणून घरातल्या जुन्या, तारेच्या १०० वॅटच्या बल्बवर तो ताडून पाहिला. गणिताने रोध ५२९ ओहम यायला हवा. मल्टिमीटर मात्र ४० ओहम दाखवतो. बल्ब तर अजून छान पेटतो. मीटर बिघडलाय की नियम?

उत्तर : दोघेही शाबूत आहेत आणि तुमचं गणितही बरोबर आहे. बल्बवर २३० व्होल्ट, १०० वॅट असं छापलेलं असतं. शक्ती म्हणजे व्होल्टेज गुणिले करंट. म्हणून १०० ला २३० ने भागलं की करंट निघतो, ०.४३५ अँपिअर. २३० ला या करंटने भागलं की रोध ५२९ ओहम. (करंट नुसता ०.४३ धरलात तर ५३५ येईल. दशांश मधेच तोडू नयेत. त्यापेक्षा व्होल्टेजच्या वर्गाला थेट वॅटने भागावं.)

मेख वेगळीच आहे. हे ५२९ ओहम पेटलेल्या बल्बचे आहेत आणि तुम्ही मोजलात विझलेला. मल्टिमीटर त्याच्या बॅटरीतून इतका किरकोळ करंट सोडतो की बल्बची तार कोमटही होत नाही. पेटल्यावर तीच टंगस्टनची तार सुमारे अडीच हजार अंश सेल्सिअसला पोचते. धातू तापला की त्यातल्या अणूंची थरथर वाढते, इलेक्ट्रॉनांना वाट काढणं जड जातं आणि रोध चढतो. टंगस्टनच्या बाबतीत एवढ्या तापमानाला तो तेरा-चौदा पट होतो. चाळीसला तेराने गुणून पाहा.

पुस्तकातला नियम मुलीला पुन्हा वाचायला सांगा. वाहकाचं तापमान आणि इतर भौतिक स्थिती कायम असली पाहिजे, अशी अट त्यातच आहे. मुलं ती अट पाठ करतात आणि गणितं सोडवताना विसरतात, कारण गणितांत तिची गरजच पडू दिली जात नाही. खुद्द गेओर्ग ओहम जर्मनीतल्या कोलोनमध्ये शाळामास्तर होता. त्या काळच्या बॅटऱ्यांचा दाब टिकत नसे, म्हणून १८२६ च्या प्रयोगांत त्याने दोन धातूंच्या जोडाचं एक टोक उकळत्या पाण्यात आणि दुसरं बर्फात ठेवून स्थिर दाब मिळवला. पुढच्या वर्षी त्याचं पुस्तक आलं. परिस्थिती स्थिर ठेवण्यासाठी त्याने जी मेहनत घेतली, तिच्यावर त्याचा नियम उभा आहे.

आता तुमच्या ४० ओहमचं काय? तो आकडाही खराच आहे, फक्त क्षणभर. बटण दाबता त्या क्षणी तार थंड असते, म्हणून २३० भागिले ४०, म्हणजे पावणेसहा अँपिअर करंट आत घुसतो. त्या घटकेला शंभर वॅटचा बल्ब तेराशे वॅट ओढतो. सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आत तार तापते, रोध चढतो आणि करंट पाऊण तर सोडाच, अर्ध्या अँपिअरच्याही खाली येऊन स्थिरावतो. जुने बल्ब बहुधा बटण दाबतानाच का जायचे, त्याचं कारण हेच. वापराने तार कुठेतरी झिजून बारीक झालेली असते; या सुरुवातीच्या लोंढ्यात ती जागा बाकीच्या तारेआधी तापते आणि तुटते.

उरलेला प्रयोग न्हाणीघरात करा. पाणी तापवायची १५०० वॅटची रॉड घ्या. तिचं गणित : करंट साडेसहा अँपिअर, रोध ३५ ओहम. मीटरही थंड रॉडला जवळपास ३५ च दाखवेल, एखाददुसऱ्या ओहमचा फरक. तिच्यात नायक्रोमची तार असते आणि निकेल-क्रोमियमच्या या मिश्रधातूचा रोध तापमानाने फारसा हलत नाही. म्हणजे मीटरच्या लेखी थंड बल्ब आणि रॉड सख्खे भाऊ. प्लग लावल्यावर एक शंभर वॅटचा, दुसरी पंधराशेची.

व्होल्टेज पडलं तरी हा फरक दिसतो. उन्हाळ्यात २३० ऐवजी १८० व्होल्ट आले, तर रॉडची शक्ती वर्गाच्या हिशेबाने ९२० वॅटवर उतरते. पाणी तापायला दीडपटीहून जास्त वेळ लागतो. बल्बही मंदावतो, पण त्याच हिशेबाने येणाऱ्या ६१ वॅटइतका नाही. तार कमी तापते, तिचा रोधही उतरतो आणि घट थोडी भरून निघते.

आणखी एक. एलईडी बल्बला मल्टिमीटर लावून रोध शोधू नका. त्याच्या बुडाशी इलेक्ट्रॉनिक सर्किट असतं, त्यामुळे मीटरवरच्या आकड्याला काही अर्थ नसतो. पंख्याचंही तसंच, तिथे व्होल्टेज गुणिले करंट केलं तर येणारा आकडा खऱ्या वॅटपेक्षा मोठा असतो, कारण मोटारीत करंट व्होल्टेजच्या मागे रेंगाळतो. शाळेचं सूत्र घरात तपासायला रॉड, इस्त्री आणि गिझर, एवढीच मंडळी भरवशाची.

रॉड मोजताना प्लग सॉकेटमधून पूर्ण काढलेला हवा आणि रॉड गार झालेली हवी. वीज चालू असताना मीटर ओहमवर ठेवून लावलात, तर मीटर जाईलच, हाताची खात्री मी देणार नाही.