थंडीत कासव खात नाही, तेव्हा



हजेरी आणि हप्ते झाले की डिसेंबर-जानेवारीच्या बैठकीत हमखास निघणारा प्रश्न : "घरातलं कासव आठ दिवस खात नाही, मेलं की काय?"

बहुतेक वेळा मेलेलं नसतं. आपलं अंग स्वतः ऊब तयार करतं, कासवाचं करत नाही. पाणी गार तर कासव गार. मग हृदय सावकाश चालतं, श्वास कमी होतो आणि पचन जवळपास थांबतं. अशा वेळी जबरदस्तीने भरवलेलं अन्न पोटात कुजतं.

दुकानात मिळणारं हिरवं, डोळ्यामागे लाल पट्टा असलेलं कासव मूळचं अमेरिकेचं. तिकडे तळ्यावर बर्फ जमतो आणि ही कासवं तळाशी पडून राहतात. पाण्यातला थोडा प्राणवायू कातडीतून घेतात. तिथलंच दुसरं एक रंगीत कासव तर प्राणवायू नसलेल्या, ३ अंशांच्या पाण्यात तीन महिने जगतं. अंगात आम्ल साठतं, पण कवचातलं कॅल्शियम ते मारतं. जळजळ झाली की आपण खायचा सोडा घेतो ना, तसंच!

पण म्हणून घरातल्या कासवाला गारठ्यात ठेवायचं नाही. मानपाड्यात, मग ते घोडबंदरकडचं असो की डोंबिवलीकडचं, बर्फ पडत नाही. दिवसा ऊन, पहाटे गारवा. छोट्या टबातलं पाणी लगेच निवतं. कासव धड झोपत नाही, धड खात नाही आणि आजारी पडतं. नाकातून बुडबुडे, तोंड उघडून श्वास, एका बाजूला कलून तरंगणं दिसलं तर थेट जनावरांचा डॉक्टर गाठा. पाणी २४ ते २६ अंश हवं. टँकचा हीटर नसेल तर सकाळचं ऊन द्या, पण अर्धी सावली आणि वर चढायला कोरडा दगड हवाच. उकळतं पाणी ओतू नका. हाताळल्यावर साबणाने हात धुवा. कासवापासून लहान मुलांना साल्मोनेलाचे जुलाब होतात. याच कारणाने अमेरिकेत १९७५ पासून चार इंचांखालची कासवं पाळण्यासाठी विकायला बंदी आहे.

आपल्या तळ्यातलं, मऊ पाठीचं, पाय आत घेतल्यावर पोटाकडून झापड बंद करणारं कासव वेगळं. त्याची खरी परीक्षा उन्हाळ्यात. तळं आटलं की ते गाळात शिरतं आणि पावसाची वाट बघत पडून राहतं. गाळ काढताना असं निपचित कासव सापडलं तर मेलं समजून फेकू नका, घरीही आणू नका. विहीर स्वच्छ राहते म्हणून त्यात सोडतात, तेही नको. उभ्या भिंतीवरून ते अंडी घालायला बाहेर येऊच शकत नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात ते पहिल्या अनुसूचीत आहे. पकडणं, पाळणं, विकणं याला तीन ते सात वर्षं कैद होऊ शकते.

आणि लाल पट्ट्याचं कासव नकोसं झालं म्हणून तळ्यात सोडू नका. ते आपल्या कासवाचं खाणं आणि उन्हाची जागा बळकावतं. दोन्हींसाठी वन विभागाचा टोल-फ्री नंबर १९२६.