नांदूरमध्यमेश्वरचें पाणी व तेथील पाहुणे पक्षी

नांदूरमध्यमेश्वर हें नांव गोदावरीच्या कालव्यांवर बागायत करणाऱ्या आमच्या वाचकांस नवें नाहीं. नाशिक जिल्ह्याच्या निफाड तालुक्यांत, गोदावरी व कादवा यांच्या संगमाजवळ, विसाव्या शतकाच्या आरंभीं इंग्रज सरकारनें बंधारा घातला आणि त्याच्या डाव्या-उजव्या कालव्यांचें पाणी खालीं कोपरगांव-राहात्याकडे गेलें. या बंधाऱ्यामागील पाणी व दलदल सन १९८६ मध्यें पक्ष्यांसाठीं अभयारण्य म्हणून राखण्यांत आली. पाणथळ जागांच्या रक्षणार्थ इराणांतील रामसर येथें १९७१ सालीं जो आंतरराष्ट्रीय करार झाला, त्याच्या यादींत २०१९ सालीं तिची नोंद झाली. महाराष्ट्रांतील ही अशी पहिलीच जागा होय.

शेतीसाठीं अडविलेलें पाणी पक्ष्यांचें माहेर कसें झालें? याचें कारण गाळ. दर पावसाळ्यांत दोन्ही नद्या वरच्या शेतांतील काळी माती आणतात; ती बंधाऱ्यापाशीं थबकते, पाणी उथळ होतें, मधूनमधून बेटें तयार होतात, त्यांवर लव्हाळा व पाणकणीस माजतें. पाटबंधाऱ्याच्या हिशेबीं हा निव्वळ तोटा, कारण जितका गाळ तितकी सांठवण कमी. परंतु जीं बदकें बुडी न मारतां केवळ मान खालीं व शेपूट वर करून तळचें खाद्य टिपतात, त्यांस खोल धरण काय कामाचें? त्यांस हातभर पाणी व मऊ चिखल पाहिजे. म्हणजे आमच्या बांधांवरून वाहून गेलेल्या मातीवर हे पाहुणे पोसले जातात.

पाहण्यास जाणें तें मार्गशीर्षापासून माघापर्यंत. नाशिकहून अंतर सुमारें चाळीस किलोमीटर. चापडगांवच्या बाजूस निरीक्षणाचे मनोरे आहेत. दिवस उगवण्यापूर्वीं पोंचावें, कपडे मळकट रंगाचे असावेत. मुलांस अवश्य न्यावें, मात्र आधीं घरीं गप्प बसण्याची तालीम देऊन. तलवार बदक, चमच्यासारख्या चोंचीनें पाणी गाळून खाणारा थापट्या, काळे वारकरी हे दुर्बिणीवांचूनहि ओळखतां येतात. ज्याच्या रात्रींच्या विरहाचें कवींनीं वर्णन केलें तो चक्रवाक दिवसां जोडीनेंच चरत असतो. रात्रीं काय होतें तें तपासण्यास आम्ही थांबलों नाहीं. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला पट्टकदंब हंस तिबेट, लडाख व मंगोलियाकडील सरोवरांकांठीं अंडीं घालतो आणि हिमालय ओलांडून इकडे उतरतो. सात हजार मीटरांहून अधिक उंचीवर तो उडाल्याची नोंद आहे.

तथापि ज्याच्या हरभऱ्यांत रात्रीं हंसांचा किंवा करकोच्यांचा थवा उतरला, त्यास हिमालयाची गोष्ट सांगून समाधान होणार नाहीं. हंस कोंवळे अंकुर खुडतो, करकोचा दाणा व घाटे खातो. हें नुकसान खरें आहे व तें कबूल केल्यावांचून रक्षणाच्या गोष्टी बोलणें आम्हांस पटत नाहीं. थवा आवाजानें हाकलावा, विशेषतः उगवणीच्या दिवसांत राखण ठेवावी. पण विषारी दाणे टाकूं नयेत. सन १९७२ च्या वन्यजीव कायद्यानें तो गुन्हा आहे, हें तर झालेंच. शिवाय याच हिवाळ्यांत उत्तरेकडून येणारा भोवत्या शेतांवरून घिरट्या घालीत टोळ व उंदीर टिपतो, आणि विष खाल्लेलें भक्ष्य खाऊन तोहि मरतो. मग उंदरांचा खर्च निराळा सोसावा लागेल.

जलपर्णीच्या बाबतींत मात्र पक्षी व बागाईतदार यांचें गाऱ्हाणें एकच. शहराचें सांडपाणी व शेतांतून निसटलेलें खत यांवर ती फोफावते. पक्ष्यांचें मोकळें पाणी झांकतें आणि कालव्यांचीं तोंडेंहि चोंदतात.

गाळाचा प्रश्न याहून अवघड. सगळा उपसला तर बदकें जातील. मुळींच न उपसला तर दलदल भरून तेथें बाभळी उभ्या राहतील. आमच्या मतें उपाय वरच्या अंगास आहे. दिंडोरी-निफाडकडे ज्यांच्या जमिनी उतारावर आहेत त्यांनीं समपातळींत बांध घालावे, ओघळीच्या तोंडाशीं दगडी ताल रचावी, व नाल्याकांठची चार हात पट्टी न नांगरतां गवताखालीं ठेवावी. खताची मात्रा एकदम न देतां हप्त्यांनीं द्यावी, म्हणजे तें पाण्याबरोबर कमी जाईल.