झाडांची तटबंदी : कॅरिलॉनच्या लढाईचा अभ्यास

शेताला बाभळीच्या फांद्यांची कुपाटी घालताना बुंधे आत आणि काटे बाहेर ठेवतात. युद्धशास्त्रातील ‘ॲबॅटिस’ नावाची तटबंदी याच तत्त्वावर उभी असते. या फ्रेंच शब्दाचे मूळ ‘तोडून पाडणे’ या क्रियेत आहे. झाडे तोडून त्यांचे शेंडे शत्रूकडे करायचे, फांद्यांची टोके तासून अणकुचीदार करायची आणि त्या एकमेकींत गुंतवायच्या. असा अडसर शत्रूला बंदुकीच्या टप्प्यात खोळंबवून ठेवतो. त्याच्यामागे बंदूकधारी नसतील, तर त्याची किंमत सरपणाएवढीच.

प्लासीच्या लढाईनंतर वर्षभराने, त्याच सप्तवार्षिक युद्धात, ८ जुलै १७५८ रोजी उत्तर अमेरिकेत या तटबंदीची कसोटी लागली. स्थळ होते आजच्या न्यूयॉर्क राज्यातील शॅम्प्लेन सरोवराकाठचा कॅरिलॉन किल्ला. फ्रेंच सेनापती मॉन्काल्म याच्याकडे सुमारे ३,६०० सैनिक होते, तर ब्रिटिश सेनापती ॲबरक्रॉम्बी याच्याकडे सुमारे १६,०००. मॉन्काल्मने आदल्या दिवशी किल्ल्याबाहेरील उंचवट्यावर ओंडक्यांची भिंत रचून घेतली आणि तिच्यापुढे झाडांचा अडसर पसरला.

या तटबंदीवर उतारा होता तो तोफांचा. ॲबरक्रॉम्बीच्या मोहिमेत तोफा होत्याही. परंतु फ्रेंचांना कुमक येऊन मिळेल या धास्तीने त्याने त्या पुढे आणेपर्यंत वाट पाहिली नाही. अभियंत्याच्या अहवालावर विसंबून त्याने पायदळाला थेट हल्ल्याचा हुकूम दिला. दुपारपासून संध्याकाळपर्यंत तुकड्यांमागून तुकड्या फांद्यांत अडकून गोळ्यांना बळी पडत राहिल्या. सुमारे २,००० ब्रिटिश सैनिक मृत वा जखमी झाले. स्कॉटिश डोंगराळ प्रदेशातील ४२ व्या पलटणीचे निम्म्याहून अधिक जवान कामी आले किंवा घायाळ झाले. फ्रेंचांची हानी त्याहून कितीतरी कमी होती.

पुढच्याच वर्षी सेनापती ॲम्हर्स्ट तोफा घेऊन आला आणि त्याने रीतसर वेढा घातला. थोड्याच दिवसांत फ्रेंचांनी किल्ल्याला सुरुंग लावून तो सोडला.

चौपट सैन्य असूनही हार का झाली, याचे उत्तर केवळ तटबंदीच्या बळकटीत मिळत नाही. ते घाईने दिलेल्या हुकमात आहे. त्या हुकमाची किंमत मात्र फांद्यांत अडकलेल्या साध्या सैनिकाने मोजली. सेनापतींची नावे पाठ करून घेण्याआधी, त्यांच्या निर्णयांची किंमत कोणी मोजली, हा प्रश्न विचारायला आपण मुलांना शिकवले पाहिजे.